लॉक नसलेल्या चाकूची बाजू

खिशात रोज बाळगायचा छोटा मिटणारा चाकू कसा निवडावा यावर दोन पक्ष आहेत आणि दोन्हींकडची मंडळी हट्टी आहेत. एक पक्ष म्हणतो, घ्यायचाच तर दणकट घ्या: जाड पाते, पक्के लॉक, एका हाताने उघडण्याची सोय, भारी पोलाद. दुसऱ्याचे म्हणणे असे की पाते पातळ असावे, सहा-सात सेंटिमीटरच्या पुढे जाऊ नये आणि लॉक नसलेलेच बरे. हा लेख दुसऱ्या पक्षाचा आहे. तटस्थतेचा आव आणून शेवटी हळूच एका बाजूला कलण्यापेक्षा ते आधीच सांगितलेले चांगले. पहिल्या पक्षाचे म्हणणे मिळमिळीत होऊ नये म्हणून ते एका आक्षेपकाच्या तोंडी दिले आहे आणि त्याला मध्येच अडवण्याची पूर्ण मुभा आहे.

आक्षेपक : तुमचे म्हणणेच व्यवहाराला सोडून आहे. जिथे धोका असतो तिथे आपण गरजेपेक्षा कितीतरी भक्कम वस्तू घेतो. पंखा चार-पाच किलोचा असतो, पण छतातला हूक माणूस लटकला तरी निघणार नाही असा घालतात. चाकूचा तर थेट बोटांशी संबंध. काम करताना पाते अचानक मिटले तर ते येते कुठे? मुठीभोवतीच्या चार बोटांवर. आणि तुम्ही म्हणता लॉक नको, वर पाते पातळ हवे. खोके कापता कापता ते मोडले म्हणजे?

लेखक : हूक जाड घातला म्हणून पंखा हळू फिरत नाही. चाकू जाड केला की कापणे मात्र बिघडते, आणि तिथेच तुमचा दाखला अडतो. कापण्याचे काम दोन गोष्टींवर चालते: धारेची कड किती बारीक आहे, आणि त्या कडेमागे पाते किती झपाट्याने जाड होत जाते. कड कितीही तीक्ष्ण असली तरी मागून येणाऱ्या पोलादाला वस्तूतून वाट काढावीच लागते. पिकलेल्या पेरूला ते फारसे जाणवत नाही. गाजर, कच्ची कैरी, जाड पुठ्ठा यांना लगेच जाणवते. साडेतीन-चार मिलिमीटर जाडीच्या पात्याने गाजर कापून पाहा. पाते अर्ध्यावर पोचते न पोचते तोच कट्कन आवाज होतो आणि उरलेले गाजर आपोआप तडकते. ते कापलेले नसते, पाचर ठोकून फोडलेले असते. दोन मिलिमीटरच्या आतले पाते त्याच गाजरातून शेवटपर्यंत सरळ उतरते. जोर कमी लागतो, आणि हात निसटतो तो बहुधा जोर लावतानाच.

पाते मोडण्याची भीती कुठून येते तेही बघा. खिशातल्या चाकूची रोजची कामे म्हणजे कुरिअरच्या खोक्यावरची टेप, धान्याच्या गोणीची सुतळी, नव्या कपड्याला अडकवलेला प्लास्टिकचा टॅग, सुटलेला दोरा, पेन्सिलीचे टोक, प्रवासात एखादे फळ. यांतल्या एकाही कामात पात्यावर आडवा ताण येत नाही. पाते मोडते ते डब्याचे झाकण उचकटताना आणि स्क्रू फिरवताना, म्हणजे चाकूचे काम नसताना. उलट ज्यांचे पोट चाकूवर आहे त्यांच्या हातात काय असते? दापोली-वेंगुर्ल्याकडच्या रोपवाटिकांत पावसाळ्याच्या तोंडाशी आंब्याची कोय कलमे बांधतात. तांबूस पानांच्या कोवळ्या रोपाचा शेंडा छाटायचा, उरलेल्या खुंटाला मधोमध उभी चीर द्यायची, कलमकाडीचे टोक दोन्ही बाजूंनी तासून निमुळते करायचे, ते चिरेत बसवायचे आणि प्लास्टिकच्या पट्टीने आवळून बांधायचे. जाड पाते त्या चिरेत घातले तर चीर हवी त्यापेक्षा खाली फाटत जाते, आणि तासलेली बाजू सपाट नसेल तर काडी आणि खुंट यांच्यात फट राहून कलम वाळते. म्हणून कलमवाल्याचा चाकू लहान, पातळ आणि दाढीच्या वस्तऱ्याच्या तोडीच्या धारेचा असतो. दिवसभर तोच हातात असूनही त्याला दणकटपणा हवासा वाटत नाही.

आक्षेपक : पातळ पाते मान्य. पण पातळ पात्याला लॉक लावता येत नाही असे थोडेच आहे? तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच दाव्याला बांधता आहात. बोटे कापण्याच्या मुद्द्याला तर तुम्ही अजून हातच लावलेला नाही.

लेखक : आता लावतो. मिटणाऱ्या चाकूचे पाते कधी मिटते? त्याच्या पाठीवर दाब आला तर. धारेवर दाब आला तर ते आणखी उघडायला बघते आणि मुठीतल्या अडथळ्यावर जाऊन टेकते. म्हणजे टेप कापा, सुतळी कापा, फळाची फोड करा, या प्रत्येक वेळी तुमचा जोर पाते उघडे ठेवण्याच्याच बाजूने लागतो. मिटण्याचा धोका उरतो तो दोन प्रसंगी: टोकाने भोसकून भोक पाडताना, आणि अडकलेले पाते हिसकून मागे ओढताना. त्यातही लांबीचा हिशेब आहे. टोकावर तेवढाच दाब आला तर नऊ सेंटिमीटरचे पाते सहा सेंटिमीटरच्या पात्यापेक्षा दीडपट जोराने मिटायला बघते, कारण खिळीपासूनचे अंतर दीडपट असते. त्यामुळे लहान पात्याला मुठीच्या पाठीतली साधी पोलादी पट्टी, तिची स्प्रिंग, पुरते. पाते उघडल्यावर ही पट्टी त्याच्या बुडाशी दाबून बसते आणि बोटाने ठरवून मिटवल्याशिवाय सहसा हलत नाही.

इतिहासातही हेच दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात जगाच्या तीन कोपऱ्यांत तीन खिशातले चाकू घडले. फ्रान्सच्या सॅव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेलने १८९० साली लाकडी मुठीचा चाकू केला. स्वित्झर्लंडमध्ये इबाखच्या कार्ल एल्सनरने १८९१ पासून सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. पुढे व्हिक्टोरिनॉक्स म्हणून ओळखली जाणारी कंपनी ती हीच. जपानात ह्योगो प्रांतातल्या मिकी या लोहारकामाच्या गावी हिगोनोकामी तयार झाला: दुमडलेल्या पत्र्याची मूठ आणि पात्याच्या बुडाला छोटी शेपटी, जी उघडताना अंगठ्याने दाबायची आणि काम करताना अंगठ्याखालीच धरून ठेवायची. या तिन्ही कारागिरांनी एकमेकांचे पाहून काही केले नव्हते, आणि तिघांचेही गिऱ्हाईक शेतकरी, शिपाई, शाळकरी मुले असे चाकू राबवून वापरणारे होते. तिघांनीही लॉक घातले नाही.

आक्षेपक : अर्धाच इतिहास सांगता! ओपिनेलने १९५५ साली मुठीच्या गळ्याशी फिरणारी कडी बसवली. ती लॉक नाही तर काय? आणि तुमच्या लाडक्या स्विस सैन्याने २००८ चा नमुना निवडला तेव्हा त्यात लॉकही घेतले आणि एका हाताने उघडायचे भोकही. तुमचे साक्षीदार उलटले आहेत.

लेखक : उलटतपासणी जरा नीट होऊ द्या. ओपिनेलच्या चाकूत पाठीला स्प्रिंग नसते. पाते केवळ लाकडाच्या घट्टपणावर थांबते. लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, त्यामुळे तोच चाकू कधी उघडता उघडत नाही तर कधी सैल होतो. कडी ही त्या दोषावरची युक्ती आहे. आणि ती सगळ्या चाकूंना नाही. ओपिनेलचे चाकू क्रमांकाने विकले जातात आणि क्रमांकागणिक पाते वाढते. दोन ते पाच क्रमांकांना आजही कडी नसते. ती सहापासून सुरू होते. पाच क्रमांकाचे पाते साधारण सहा सेंटिमीटर, सहा क्रमांकाचे सात. लॉक कुठल्या लांबीनंतर लागते या प्रश्नाचे उत्तर शंभराहून अधिक वर्षे चाकूच विकणाऱ्या कंपनीने आपल्याच मालावर असे लिहून ठेवले आहे. स्विसांचेही तेच. लॉक येते ते मुख्यतः त्यांच्या १११ मिलिमीटर मुठीच्या मोठ्या चाकूंना, आणि २००८ चा सैनिकी नमुना त्याच मापाचा. ८४ आणि ९१ मिलिमीटरचे नेहमीचे चाकू अजून स्प्रिंगवरच चालतात. शिपायाच्या हातात हातमोजा असतो, दुसऱ्या हातात दोर किंवा बंदूक असते. त्याची गरज ही तुमची-माझी गरज नव्हे.

तरी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. रोज टोकाने भोके पाडणारा, जाड केबलचे आवरण सोलणारा, जाळी किंवा ताडपत्री फाडणारा माणूस असेल तर त्याने लॉकचाच चाकू घ्यावा. त्याच्या कामात पाठीवर दाब येतोच. वाद बाकीच्यांसाठी आहे. आणि लॉक म्हणजे निव्वळ सुरक्षितता असे समजू नका. आज सर्वांत जास्त दिसणारे लॉक म्हणजे मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी पात्याच्या बुडामागे सरकते ते. ते सोडवायला अंगठा पात्याच्या वाटेतच घालावा लागतो आणि त्याच वेळी दुसऱ्या बोटाने पाते मिटवायचे असते. सराव असेपर्यंत ठीक. शिवाय लॉक 'कट्' असे बसल्याचे ऐकले की पाते मुठीला जोडलेलेच आहे असा भरवसा वाटू लागतो आणि डब्याची झाकणे उचकटण्याचा मोह होतो. स्प्रिंगचा चाकू हा मोह होऊच देत नाही.

आक्षेपक : बरे, लॉक बाजूला ठेवू. पण तुमचे हे शंभर वर्षांपूर्वीचे चाकू शंभर वर्षांपूर्वीच्या पोलादाचे. आता भुकटीपासून बनवलेली पोलादे मिळतात. महिनोन्‌महिने धार जात नाही. ती सोडून मऊ पोलाद घ्यायचे, हा केवळ जुन्याचा सोस.

लेखक : धार टिकणे आणि धार परत येणे, या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. व्हिक्टोरिनॉक्सचे पोलाद रॉकवेल मापावर ५५-५६ च्या आसपास कठीण असते. महागड्या चाकूंत हा आकडा ६० च्या वर जातो आणि त्यात झीज रोखणारे कठीण कण पेरलेले असतात. त्यांची धार खरेच जास्त टिकते. पण ती गेली की लावायला हिऱ्याच्या कणांची पाटी आणि चिकाटी लागते. आपल्याकडे दोन्ही नसल्यावर माणूस सायकलवरच्या धारवाल्याकडे जातो. त्याचे फिरते चाक विळीला आणि कोयत्याला ठीक. पातळ पात्याची कड त्या घर्षणाने इतकी तापते की तिथले पोलाद मऊ पडते आणि धार पुढच्याच आठवड्यात बसते. साध्या पोलादाला धारवाल्याची गरजच नाही. चिनीमातीचा कप उपडा करा. बुडाशी जी खरबरीत, चकाकी नसलेली गोल कड असते तिच्यावर पाते वीस अंशांच्या आसपास तिरपे धरून दोन्ही बाजूंनी सात-आठ वेळा हलक्या हाताने ओढा. कपाच्या कडेवर काळसर रेघ उमटली म्हणजे पोलाद घासले जाते आहे. टेप आणि पेरू यांच्यासाठी एवढी धार भरपूर झाली.

गंजाचा प्रश्न मात्र आपल्या हवेत खरोखर मोठा आहे आणि त्यावर परदेशी सल्ला जसाच्या तसा घेऊ नये. कार्बनच्या साध्या पोलादाला धार सुरेख लागते, हे खरे. पण कैरी, लिंबू, चिंच यांचा आंबट रस लागला की ते मिनिटांत काळे पडते आणि पहिल्या एक-दोन फोडींना लोखंडाची चव लागते. ते काळेपण नुकसानकारक नाही, उलट थोडे संरक्षणच करते. पण रत्नागिरी किंवा पणजीच्या जुलै महिन्यात चाकू ओल्या पँटच्या खिशात राहिला तर खिळीपाशी लाल गंज धरतो आणि तिथपर्यंत फडके पोचत नाही. रोजच्या खिशासाठी तेरा-चौदा टक्के क्रोमियमचे स्टेनलेस घ्यावे. ओपिनेलसुद्धा दोन्ही पोलादांत मिळतो. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत ज्याला धार लावण्याची हौस आहे त्याने खुशाल कार्बन घ्यावा.

आक्षेपक : आता खरे बोलू. लोक चाकू घेतात त्यामागे प्रसंगाला उपयोगी पडेल हाही विचार असतोच; तुम्ही तो शिताफीने टाळता आहात. आणि कायद्याचे म्हणाल, तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते असेल तरच ते धारदार शस्त्रांत मोडते. घरगुती आणि शेतीची हत्यारे त्यातूनही वगळलेली. मग साडेतीन इंचांच्या लॉकच्या चाकूला भ्यायचे कारण काय? आणि लहान चाकूला समाज वेगळा न्याय देतो म्हणाल तर तेही खोटे. १९६० साली टोकियोत भर सभेत इनेजिरो असानुमा या समाजवादी नेत्याचा खून झाला. खुनाचे हत्यार छोटी तलवार होती, पण त्यानंतर जपानी शाळकरी मुलांच्या दप्तरातले पेन्सिल तासायचे चाकू गेले!

लेखक : प्रसंगाचा विचार टाळला नाही, तो बादच करायचा आहे. स्वसंरक्षणासाठी चाकू घेणाऱ्याने या लेखातला कुठलाच चाकू घेऊ नये, आणि माझे मत विचाराल तर चाकूच घेऊ नये. हाणामारीत बाहेर काढलेला चाकू आधी भांडण वाढवतो आणि मग कोणाच्या हातात जाईल याचा भरवसा नसतो. कायद्याचा तुम्ही दिलेला दाखला बरोबर आहे, पण अपुरा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली सण-उत्सव, निवडणुका, मोर्चे या काळात मनाई आदेश निघतात, आणि त्यात तलवारी-भाल्यांबरोबर सुरे, काठ्या आणि शारीरिक इजा करता येईल अशा वस्तूही येतात. तिथे इंच मोजत नाहीत. वस्तू काय दिसते आणि तुम्ही ती कशासाठी बाळगली हे पाहतात. विमानात केबिनच्या सामानात चाकू चालत नाही, तो चेक-इनच्या बॅगेत टाकावा लागतो. आपली मुले-बाळे शिकायला-नोकरीला जिथे जातात तिथले बघा. इंग्लंडमध्ये १९८८ च्या कायद्याने तीन इंचांपर्यंतच्या धारेचा मिटणारा चाकू कारण न देता बाळगता येतो. पण लॉक असेल तर तो मिटणारा चाकू धरला जात नाही असे तिथल्या न्यायालयांनी ठरवले. जर्मनीने २००८ मध्ये एका हाताने उघडून लॉक होणारे चाकू सबळ कारणाशिवाय बाळगायला बंदी केली. म्हणजे मुंबईहून लंडनला जाणाऱ्याच्या खिशातला चाकू केवळ लॉकमुळे गुन्हा ठरू शकतो.

जपानचे उदाहरण मात्र तुमच्या बाजूचे आहे हे मान्य. भीती पसरली की समाज बारकावे बघत नाही. पण भीती नसताना तो नक्की बघतो. मुंबईच्या लोकलमध्ये महिलांच्या डब्यात परतीच्या प्रवासात भाजी निवडली आणि चिरली जाते. छोटी सुरी हातात असते आणि शेजारची बाई सरकत नाही, फार तर वाटाणे सोलायला हात पुढे करते. त्याच डब्यात कोणी काळ्या पात्याचा चाकू खट्कन एका झटक्यात उघडला तर काय होईल? हिंदी सिनेमाने आपल्याला पन्नास-साठ वर्षे तो आवाज ऐकवला आहे आणि त्या आवाजानंतर काय होते हे सगळ्यांना पाठ आहे. नखाने खाचेत धरून, दोन हातांनी, सावकाश उघडावा लागणारा चाकू कोणाला दचकवत नाही. ज्या वस्तूचा वापर दिवसाकाठी चारचौघांत व्हायचा, तिचा हा गुण पोलादाच्या कठीणपणाहून मोठा आहे.

आक्षेपक : ठीक. आता तत्त्वज्ञान पुरे, दुकानात काय बघायचे ते सांगा. आणि किल्लीला अडकवायचा तो ५८ मिलिमीटरचा चिमुकला घ्या असे सांगू नका. तो चिमटीत धरावा लागतो.

लेखक : त्याबद्दल तुमचे-माझे एकमत आहे. तो वीस-बावीस ग्रॅमचा असतो, खिशात आहे हे विसरायला होते आणि टेप-दोऱ्याला पुरतो, पण पेरूपाशी रडतो. सहा सेंटिमीटरच्या आसपास पाते आणि चार बोटे मावतील अशी मूठ हे माप मला योग्य वाटते. ८४ मिलिमीटरचे स्विस चाकू त्यात बसतात. दुकानात हातात आला की आधी मिटलेल्या अवस्थेत मुठीच्या फटीवरून अंगठा फिरवा. टोक लागले तर परत द्या, ते खिशाचे अस्तर फाडेल आणि मग बोट. पाते उघडताना शेवटी ते स्वतःहून आपल्या जागी ओढले गेले पाहिजे. मध्येच लुळे पडत असेल तर स्प्रिंग कमजोर आहे. उघडून धरा आणि पाते डावी-उजवीकडे हलवून बघा, खिळीशी हालचाल नको. पात्याची पाठ वरून पाहा: पाते मुठीच्या मधोमध आहे की एका बाजूला घासते आहे? आणि नखाची खाच ओल्या बोटांनीही धरता येते का ते बघायला विसरू नका, कारण पावसात तिथेच अडते. लाल मुठीच्या स्विस चाकूंच्या नकला बाजारात भरपूर आहेत. त्या बहुधा या पहिल्या दोन-तीन परीक्षांतच पकडल्या जातात.

आक्षेपक : आणि एका हातात पिशवी असेल तर? तुमचा हा दोन हातांनी उघडायचा चाकू उघडू कसा?

लेखक : पिशवी खाली ठेवा.

आक्षेपक : खाली चिखल असला तर?

लेखक : तर पार्सल घरी जाऊन उघडा. इतकी घाई कसली आहे?